ओलाव्याचा हिशेब

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव-मिरज भागात गेलात, तर रानोमाळ बेदाण्याची शेड दिसतात. लोखंडी सांगाडा, वर छत, बाजूंना हिरवी जाळी आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांचे मजले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षं या जाळ्यांवर पसरतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा अगदी पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी सहजी बाहेर जाऊ देत नाही. या द्रावणानं तो थर ढिला पडतो आणि द्राक्ष दोन-अडीच आठवड्यांत सुकतं. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती येतो. बाकीचं तीन किलो म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, ते हवेत जातं.

सुकामेव्याचे बार घरी करायला बसतो, तेव्हा या कामाचा सर्वांत अवघड टप्पा असा कोणीतरी आधीच उरकून ठेवलेला असतो. आपल्याकडे उरतं ते वेगवेगळ्या ओलाव्याचे जिन्नस एकत्र आणून त्यांना नीट नांदवणं. बार का चिकटतो, का फुटतो, का सादळतो, का खराब होतो आणि तब्येतीला किती मानवतो, या सगळ्याचं उत्तर ओलाव्यापाशी येऊन थांबतं. ते एकदा समजलं की कृती पाठ करावी लागत नाही, घरात जे असेल त्यातून बार जमतो.

गव्हात २० टक्के ओलावा राहिला, तर पोत्यात बुरशी धरते. म्हणून तो १२-१३ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. खजुरातही साधारण २० टक्के ओलावा असतो, तरी तो महिनोन्‌महिने टिकतो. हा फरक साखरेमुळे पडतो. खजुराच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश साखर असते आणि ती पाण्याला धरून ठेवते. पाणी असतं, पण मोकळं नसतं. जंतूंना आणि बुरशीला ते वापरता येत नाही. पदार्थ टिकणं हे पाणी किती आहे यावर नव्हे, तर त्यातलं मोकळं किती आहे यावर ठरतं, हे ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ मध्ये मांडलं. हा मोकळेपणा शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. ०.९१ च्या खाली बहुतेक जीवाणू थंडावतात, ०.८ च्या खाली बहुतेक बुरश्या थांबतात, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. बेदाणे आणि चांगला सुकलेला खजूर या शेवटच्या रेषेच्या आसपास असतात. भाजलेले बदाम-शेंगदाणे तिच्या कितीतरी खाली. म्हणजे नुसता खजूर आणि भाजलेले दाणे यांचा बार कोणतंही परिरक्षक न घालता टिकतो. मात्र, बाहेरचं पाणी त्यात शिरता कामा नये.

आणि ते नेमकं आपणच शिरवतो. खजूर कडक निघाला की चमचाभर दूध किंवा गरम पाणी घालतो. पौष्टिक म्हणून रात्रभर भिजवलेले बदाम घालतो. पिकलेलं केळं किंवा किसलेलं सफरचंद घालून वर ‘साखर अजिबात नाही’ म्हणून समाधान मानतो. केळ्यात ७५ टक्के पाणी आहे, सफरचंदात त्याहून जास्त. असा बार चवीला उत्तम लागेल, पण त्याच दिवशी संपवावा. भिजवलेले बदाम खायचे तर तसेच खावेत. बारमध्ये घालायचेच असतील तर पुन्हा खडखडीत वाळवून, भाजून. बेदाणे धुतले तरी कापडावर पसरून पुरते सुकवायचे. कडक खजुरावर उपाय म्हणजे चमचाभर तूप आणि मंद आच. तुपात पाणी जवळजवळ नसतं आणि उष्णतेनं खजुराची साखर आपोआप सैल होते.

बाजारात गेल्यावर खजुराकडेच सर्वांत जास्त लक्ष द्यावं, कारण बार बांधण्याचं काम तो करतो. त्यातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवतं आणि त्याचे सहजी खडे होत नाहीत, म्हणून खजुराचा लगदा दिवसेंदिवस मऊ राहतो. साध्या साखरेचा पाक असा राहत नाही, त्याला कणी धरते. मात्र खजूर खजुरात फरक आहे. फ्रिजमध्ये ठेवून खोक्यात विकला जाणारा काळा, लुसलुशीत किमिया खजूर खायला फार सुरेख, पण त्यात ओलावा बराच जास्त असतो. त्याचा बार हाताला चिकटतो, कापताना सुरीबरोबर वर येतो आणि बाहेर टिकत नाही. बारसाठी दाबून भरलेल्या पाकिटातला, तपकिरी, जरा चिवट खजूर बरा. तो स्वस्तही पडतो. खारीक मात्र फार कोरडी, ती पूड करून घालता येते, पण बांधण्याचं काम तिच्याकडून होत नाही.

अंजीर घ्यायचे ते दोऱ्यात ओवलेले, दाबल्यावर किंचित दबणारे. पुरंदर तालुक्यातले अंजीर नावाजलेले असले तरी ते बहुतांशी ताजेच खाल्ले जातात; दुकानातले सुके अंजीर प्रामुख्यानं अफगाणिस्तानातून येतात. जर्दाळू घेताना रंगाकडे पाहावं. भडक केशरी जर्दाळूला गंधकाची धुरी दिलेली असते, त्यामुळे रंग टिकतो. धुरी न दिलेला जर्दाळू तपकिरी, काळपट दिसतो आणि चवीला जास्त गोड, काहीसा गुळचट लागतो. पिवळ्या-हिरव्या चकचकीत बेदाण्याचंही तसंच. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना या गंधकानं त्रास होऊ शकतो. अशा घरांत काळ्या मनुका आणि तपकिरी जर्दाळू वापरावेत. दिसायला साधे आहेत म्हणून त्यांना बाजूला सारू नये.

आता दाणे. शेंगदाणा निवडण्याचं काम कंटाळवाणं वाटतं, पण मी ते कधीही टाळू नये असं सांगेन. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत एका बुरशीनं तयार केलेलं विष सापडलं. तेच अफ्लाटॉक्सिन. शेंगा नीट न वाळवता साठवल्या की ही बुरशी वाढते, आणि तिचं विष भाजल्यानं पुरतं नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, हिरवट डाग पडलेले दाणे परातीत पसरून, उजेडात, एकेक करून काढून टाकायचे. एखादा दाणा चावल्यावर कडू लागला तर थुंकावा आणि सगळी पिशवी पुन्हा तपासावी. खजूरसुद्धा मधोमध उघडून पाहावा. आत काळी पूड किंवा कीड असेल ती बाहेरून दिसत नाही.

अक्रोड आणि जवस यांच्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं दोघांत भरपूर. १०० ग्रॅम अक्रोडात सुमारे ९ ग्रॅम आणि जवसात २० ग्रॅमहून जास्त. पण हीच स्निग्धाम्लं हवेतल्या प्राणवायूशी सर्वांत लवकर संयोग पावतात आणि तेल खवट होतं. अक्रोड खवट झाला की जिभेच्या मागच्या भागावर तैलरंगासारखी, तुरट-कडू चव रेंगाळते. दुकानात पाकीट उन्हात लटकत असेल तर ते घेऊच नये. घरी आणल्यावर अक्रोड फ्रिजमध्ये, आणि जवस अख्खा ठेवून लागेल तेव्हाच भाजून कुटावा. ज्यांना बार महिनाभर ठेवायचे आहेत त्यांनी अक्रोड टाळून बदाम, काजू, तीळ घ्यावेत. वेंगुर्ल्याकडचा काजू मिळाला तर फारच उत्तम, आणि बारसाठी तुकडा काजू चालतो, अख्ख्याची काही गरज नाही.

माझ्या हाताला बसलेलं प्रमाण वजनानं देतो, कारण वाटीनं मोजलं की खजूर किती दाबून भरला यावर सगळं बदलतं. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, अंजीर ५० ग्रॅम, बदाम ६० ग्रॅम, शेंगदाणे ६० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या २० ग्रॅम. थोडी सुंठ, वेलची, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये. ते खजुराचा गोडवा उठावदार करतं आणि दाण्यांची चव पुढे आणतं. फळांचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त आहे हे लक्षात येईल. तो निम्म्याच्या खाली गेला की वडी कापताना फुटते. तेवढं सांभाळून बाकी अदलाबदल खुशाल करावी. तिळाऐवजी सुकं खोबरं, बदामाऐवजी काजू, अंजिराऐवजी मनुका, जे ज्या घरात आवडतं ते.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. एकाच कढईत सगळे टाकले की बदाम कच्चे राहतात आणि तीळ जळतात. आच मंद. शेंगदाण्याची साल चिमटीत सुटेपर्यंत. बदाम आठ-दहा मिनिटं. एक फोडून पाहायचा, आतला गर पांढऱ्याचा फिकट बदामी झाला की बास. भोपळ्याच्या बिया फुगून फटफट वाजतात. तीळ तडतडायला लागले की लगेच ताटात काढायचे. कढई गॅसवरून उतरवली तरी तापलेलीच असते, आणि तिच्यात पडून राहिलेले तीळ तेवढ्यात कडवट होतात. भाजण्याचे दोन फायदे. दाण्यातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर येतो, म्हणून तो कुरकुरीत होतो. आणि दाण्यातली साखर व प्रथिनं तापून एकमेकांशी जुळतात, त्यातून तो खमंग वास येतो.

मग थांबायचं. दाणे पुरते गार होऊ द्यायचे. घाईनं कोमट दाणे मिक्सरला लावले की तेल सुटतं, आणि कोमट दाणे खजुरात मिसळले की आतली वाफ तिथेच अडकते. गार झाल्यावर दाण्यांचा साधारण तिसरा हिस्सा भरड पूड करायची आणि बाकीचे सुरीनं जाडसर चिरायचे. ही पूड खजुराच्या लगद्यात मिसळून त्याला अंग देते, तुकड्यांमधल्या फटी भरते. नुसते मोठे तुकडे घातले तर बार तिथेच मोडतो. सगळंच कुटलं तर त्याचा लाडू होतो, दाताखाली काही येत नाही.

खजूर आणि अंजीर बारीक चिरून, चमचाभर तुपावर तीन-चार मिनिटं परतायचे आणि उलथन्याच्या पाठीनं दाबत राहायचं. आधी तुकडे वेगवेगळे दिसतात, मग कडा वितळल्यासारख्या होतात, मग सगळं एकत्र येऊन कढईच्या तळापासून सुटायला लागतं. त्या क्षणी गॅस बंद. थोडा लगदा चिमटीत घेऊन बोटं उघडावीत: तो बोटांना धरून ताणला गेला पाहिजे आणि तुटल्यावर बोटं बऱ्यापैकी स्वच्छ राहिली पाहिजेत. बोटांवर थर राहत असेल तर आणखी मिनिटभर परतावं. तुटक वाटत असेल तर दोन-तीन खजूर वाढवावेत. मिक्सरमध्ये करायचं असेल तर थांबून थांबून फिरवावं, नाहीतर लगदा पात्यांभोवती गोळा होऊन मोटर तापते.

लगदा हाताला सोसेल इतका गार झाला की पूड, तुकडे, तीळ मिसळून परातीत चांगलं मळावं. लाह्या सर्वांत शेवटी, हलक्या हातानं. मग बटर पेपर घातलेल्या ताटात थापायचं. सपाट बुडाच्या वाटीला तूप लावून कडांकडून मध्याकडे दाबत यायचं, आणि खरोखर जोर लावून दाबायचं. बार सैल राहण्याचं सर्वांत सामान्य कारण कमी खजूर नसून कमी जोर हे असतं. दीड सेंटिमीटर जाडीचा, सुमारे १६ सेंटिमीटरचा चौकोन होतो. तासभर फ्रिजमध्ये ठेवून सुरीला तूप लावावं आणि सरळ खाली दाबत कापावं, करवतीसारखं पुढे-मागे करू नये. एका बाजूनं तीन, दुसऱ्या बाजूनं सहा, असे १८ बार होतात.

लाह्या शेवटी घातल्या तरी दुसऱ्या दिवशी त्या मऊच लागतात. पाणी नेहमी मोकळ्या ओलाव्याकडून कोरड्याकडे जातं, दोन्हीकडचा मोकळेपणा सारखा होईपर्यंत. खजूर देतो, लाह्या घेतात. दाणे त्या मानानं कमी घेतात, कारण त्यांच्यात तेल भरपूर असतं. म्हणून ज्यांना कुरकुरीत बार हवा त्यांनी खजुराची वाट सोडून चिक्कीची धरावी. तिथे गुळाचा पाक कडक करून पाणी जवळजवळ काढूनच टाकलेलं असतं. संक्रांतीला दुकानात वेगळा मिळणारा चिक्कीचा गूळ घ्यावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कट्‌कन मोडला पाहिजे. त्यात भाजलेले दाणे, तीळ, राजगिऱ्याच्या लाह्या, हवे तर बारीक चिरलेले जर्दाळू. पण जर्दाळू घातले की त्यांचा ओलावा आसपासच्या पाकाला मऊ करतो आणि दोन दिवसांत तिथे चिकट डाग पडतात. मऊ हवं तर मऊच करावं आणि कुरकुरीत हवं तर कुरकुरीत. दोन्ही एका वडीत मागितलं की एकही नीट मिळत नाही. कोकणातून आणलेली आंबापोळी घरात असेल, तर तिच्या बारीक पट्ट्या खजुराच्या बारमध्ये घालाव्यात. ती दिवसेंदिवस उन्हात थरावर थर देऊन सुकवलेली असते, त्यामुळे ओलाव्यानं खजुराच्या जवळची आहे, आणि तिचा आंबटपणा खजुराच्या एकसुरी गोडव्याला फार छान तोडतो.

दुकानातल्या बारशी तुलना करायची तर वेष्टनाची मागची बाजू वाचावी. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. पहिल्या तीन नावांत ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट सिरप असेल, तर बदामाचं चित्र कितीही मोठं असो, तो मुख्यतः पाकाचा बार आहे. ४२२ हा आकडा दिसला तर ते ग्लिसरीन. तेही खजुराच्या साखरेसारखं पाण्याला धरून ठेवण्याचं काम करतं. कारखान्याला कित्येक महिने एकसारखा मऊपणा हवा असतो, घराला तशी गरज नसते. बाजारातही खजूर-दाण्यांचे साधे बार आहेत. अमेरिकेत लारा मेरिकन यांनी २००३ मध्ये असेच बार विकायला आणले आणि पाच वर्षांत एका मोठ्या कंपनीनं तो व्यवसाय विकत घेतला. आपल्या घरांत खजुराची वडी थापणाऱ्या कोणालाही त्यात अनोळखी काही वाटणार नाही.

आता तब्येतीचं. वरच्या प्रमाणातला २५ ग्रॅमचा एक बार सुमारे १०० कॅलरी देतो. त्यात साधारण ९ ग्रॅम साखर, ३ ग्रॅम प्रथिनं, २ ग्रॅमच्या वर चोथा. एका अंड्यात याच्या दुप्पट प्रथिनं असतात, तेव्हा याला प्रथिनांचा बार म्हणू नये. याचं बळ वेगळं आहे: अख्ख्या फळाचा चोथा, दाण्यांची चांगली चरबी आणि पोटात रेंगाळण्याचा गुण. ज्या सुकवण्यानं फळ टिकाऊ झालं, त्याच सुकवण्यानं त्याची साखरही दाट झाली. द्राक्षांचा घोस खाताना पोट भरल्याचं कळतं. तेवढ्याच द्राक्षांचे बेदाणे मुठीत मावतात आणि बोलता बोलता संपतात. म्हणून बार लहानच कापावा. मधुमेह असेल तर हा बार जेवणावर वरचा खाऊ न धरता खाण्याच्या हिशेबातच धरावा, आणि किती घ्यायचा हे डॉक्टरांना विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम. गूळ आणि मध दोन्ही त्यातच मोजले जातात. नैसर्गिक आहे म्हणून खजुराच्या बारवर मधाची धार सोडणं मला अनावश्यक वाटतं. गोडवा आधीच पुरेसा असतो. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध देऊच नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दाणे पूर्ण कुटूनच घालावेत, कारण अख्खा दाणा घशात अडकू शकतो. शाळेच्या डब्यात देताना वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारून घ्यावं. खजूर दातांच्या फटीत बसतो, म्हणून बार खाल्ल्यावर खळखळून चूळ भरण्याची सवय मुलांना लावावी.

साठवताना प्रत्येक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावा. थंडीत हे बार दोन आठवडे बाहेर सहज राहतात, फ्रिजमध्ये महिनाभर. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, चिक्कीच्या वडीला तासाभरात पाणी सुटू लागतं, पण खजुराचा बार त्या मानानं तग धरतो. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये. तो खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडावा, नाहीतर हवेतली वाफ गार बारवर जमून पृष्ठभाग ओला होतो आणि बुरशी तिथूनच धरते. ट्रेकला निघताना आदल्या रात्रीच बार फ्रिजबाहेर काढून पिशवीत भरावेत. दुपारच्या उन्हात ते मऊ पडतात, पण वितळत नाहीत. कापताना ताटात उरलेला चुरा टाकू नये. तो मुठीत आवळला की त्याचे लहान लाडू होतात, आणि घरातली मुलं आधी त्यांवरच हात मारतात.